हलक्या लाकडाचा बेस

धड आधी आलं होतं. मान मागाहून आली.

दार सासूबाईंनी उघडलं. कुरिअरवाल्याच्या हातातलं लांबुडकं खोकं त्यांनी आधी कानाशी धरून हलवलं, मग नाकाशी नेलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "अगं, यात काय आहे?"

"मान आहे, आई."

"कोणाची?"

कुरिअरवाला सही घ्यायची विसरून जिना उतरायला लागला.

ती बाळाला खांद्यावर थोपटत बाहेर आली. बोळकी नुकतीच झोपली होती. म्हणजे झोपेच्या उंबरठ्यावर एक पाय टाकून उभी होती. जरा खुट्ट झालं की तो पाय मागे घ्यायची. म्हणून हल्ली घरातले सगळे कुजबुजत बोलायचे. सासूबाईसुद्धा. फक्त सासूबाईंची कुजबूज शेजारच्या घरात ऐकू जायची. 'बोळकी' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. तोंडात एक दात नाही आणि हसणं मात्र बत्तिशीचं, म्हणून बोळकी.

"बेसची मान," ती म्हणाली. "परवा धड आलं ना, त्याला जोडायची."

"म्हणजे आता माझ्या घरात मुंडकी जोडणार. आणि हातपाय कधी येणार?"

"हातपाय नसतात, आई. खुंट्या असतात. त्या उद्या येतील."

"येऊ देत बाई. सगळे येऊ देत," सासूबाई म्हणाल्या, आणि खोकं दिवाणावर असं आडवं ठेवलं, जणू आत कोणीतरी खरंच मान टाकून झोपलंय.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यातला बेस आणि पाठीतला मणका, दोघांची जातकुळी एकच: असतो तोवर कोणी विचारत नाही, दुखला की सगळे विचारतात. ती कॉलेजपासून बेस वाजवत होती. तेव्हा तिच्या बाजूला ड्रमवर बसणारी मैत्रीण दातांचं शिकत होती. आता तिचा दवाखाना होता, आणि अख्खं गाव तिला दातवाली म्हणायचं. गाणारा पोस्टमन होता. टपाल वाटता वाटता गाणी पाठ करायचा, त्यामुळे एखाद्या कडव्यात मधेच सायकलची घंटी यायची. ती स्वतः पोटुशी असतानाही बेस वाजवत होती. पोट पुढे आलं तशी बेस बाजूला सरकवत गेली, शेवटी तो पोटाच्या कडेवर बसला. सगळ्यात जाड तार छेडली की आतली हालचाल थांबायची. कोणीतरी आत कान टवकारून बसलंय असं वाटायचं. ती थांबली की पायाने ढुशी. पुन्हा वाजव.

मग बोळकी बाहेर आली, आणि बेस पिशवीत गेला.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो विषय कोणी काढत नसे. एका दुपारी बोळकीला सतरंजीवर निजवून ती तिच्यासाठी वाजवायला उभी राहिली. जुना बेस शिसवीच्या दरवाजासारखा जड. पट्टा जिथे अडकवतात ते बटण झिजलेलं होतं, ते तिच्या लक्षात आलं नाही. पट्टा सुटला. बेसचं डोकं जमिनीवर आदळलं ते बोळकीच्या कानापासून वीतभर अंतरावर. बोळकी रडलीसुद्धा नाही. वर बघून हसली. रडली ती आई, आणि तेही रात्री, सगळे झोपल्यावर. दुसऱ्या दिवशी जुना बेस दातवालीच्या दवाखान्याच्या माळ्यावर गेला.

त्यात डाव्या हाताचा अंगठा. बाळाला सारखं उचलून मनगटाजवळची शीर सुजली होती. डॉक्टर म्हणाले, नव्या आयांना होतं असं, या हातानं जड काही उचलू नका. मग तिच्या कडेवरच्या बोळकीकडे बघून ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "म्हणजे, हे सोडून."

आता महिनाअखेरीला वाचनालयाच्या अंगणात त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता. दातवालीने फोन केला होता. तिचं बोलणं नेहमी कोणाचं तरी तोंड उघडं असताना चालायचं, त्यामुळे आडपडदा नसायचा.

"हे बघ, माझा कंपाउंडर बेस शिकलाय. वाईट वाजवत नाही. चांगलाही नाही. घड्याळासारखा वाजवतो. तू येत असशील तर ये, नाहीतर मी त्याला घेते. पण एकदा त्याला घेतलं की मग मला त्याला काढता यायचं नाही, कळलं? त्याची आई माझी पेशंट आहे."

"कधीपर्यंत सांगू?"

"सांगू नकोस. रविवारी बेकरीवर ये आणि वाजव."

बेकरीच्या वरची खोली म्हणजे त्यांची तालमीची जागा. फोन ठेवल्यावर तिला पावाचा वास आला. घरात पाव नव्हता.

दिवस कुठे संपतो आणि झोप कुठे सुरू होते हे तिला हल्ली नीट सांगता आलं नसतं. दुपारी बोळकीला पाजताना डोळा लागायचा आणि त्या तेवढ्यात मोठमोठी स्वप्नं पडून जायची. एका स्वप्नात सगळं घर एका लांब, खोल सुरावर तरंगत होतं. भांडी मांडणीवरून सुटून हळूहळू वर चालली होती आणि कोणीच घाबरत नव्हतं. जाग आली तेव्हा फ्रिज चालू होता. बोळकी फ्रिजला गाल लावून बसली होती. ती तशी रोजच बसायची. घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये तिचं फ्रिज आणि कपड्यांचं मशीन या दोघांवर जास्त प्रेम होतं. "आजीपेक्षा गार आजी आवडते तिला," असं सासूबाई म्हणायच्या, थोडं मनाला लावून घेऊन.

त्या स्वप्नाच्या संध्याकाळीच तिनं ठरवलं होतं: जुना बेस नको. नवा, हलका, आपल्या हातानं जोडायचा. एका दुकानातून धड, दुसऱ्यातून मान, तिसऱ्यातून बाकीचं. प्रत्येक वस्तू आपण निवडायची. प्रत्येक वस्तू बाळाच्या नजरेतून बघायची.

आणि तिनं बघितली. धड निवडलं ते मिळेल त्यात सगळ्यात हलक्या लाकडाचं. इतकं हलकं की खोक्यात काही आहे की नाही याची शंका यावी. पुन्हा पडलंच तर, देव न करो, लागायला नको. बेसच्या धडाला वर एक शिंग असतं, लांब, पुढे आलेलं. ते तिला बोळकीच्या डोळ्याच्या उंचीवर दिसलं. म्हणून तिनं शिंग नसल्यासारखंच असलेलं, गोलमटोल धड घेतलं. मानेच्या टोकाला तारा पिळायच्या ज्या खुंट्या असतात, त्यांतल्या हलक्या खुंट्यांना बारीक बारीक चकत्या आणि सुटे भाग होते, पटकन तोंडात जातील असे. म्हणून जुन्या पद्धतीच्या, भक्कम, ओतीव, मुठीएवढ्या खुंट्या. रंग नको, वॉर्निश नको. लाकडी खेळण्यांना लावतात तसलं जवसाचं तेल. कारण बोळकी ते चाटणार होतीच.

नवरा म्हणाला, "तू गिटार निवडतेयस की पाळणाघर?"

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर मोहरीएवढे स्क्रू हाताळायचा. त्याचा सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर टूथपिकएवढा होता. तो त्यानं मोठ्या अभिमानाने मदतीला आणला आणि मग स्वतःच परत ठेवून दिला.

जोडणी सुरू झाली ती गच्चीकडच्या खोलीत, दुपारच्या उन्हात. धडात मानेसाठी एक खाच कोरलेली असते. मान त्यात अशी बसायला हवी की स्क्रू लावायच्या आधीच, नुसत्या मानेला धरून उचललं तर धडही सोबत यावं. हिची मान केसभर मोठी निघाली. तिनं बारीक पॉलिश पेपर घेतला, खाचेची कड दोनदा घासली, फुंकर मारली, बसवून पाहिली, काढली, पुन्हा घासली. लाकडाची पिठी उन्हात उडत होती. तिनं बोळकीला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं, दाराखाली ओलं फडकं लावलं होतं, आणि तरी दर थोड्या वेळानं जाऊन तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास तपासत होती. शेवटी मान खाचेत गेली ती एक मऊ आवाज करून. झोपलेल्या बाळानं ओठ मिटावेत तसा.

स्क्रूंना तिनं साबण चोळला, म्हणजे लाकूड चिरत नाही. मानेच्या मागे लोखंडी पट्टी, चार स्क्रू, तिरपे तिरपे आवळत गेलेले.

तेल लावायचा दिवस सगळ्यात सुंदर होता. फिकं, पांढुरकं लाकूड तेल पिऊन जागं झालं. आतून रेषा वर आल्या, कोरड्या पात्रात हळूच पाणी उतरावं तशा. ती कापडाचा बोळा गोल गोल फिरवत राहिली आणि तिला वाटलं आपण कोणाला तरी न्हाऊ घालतोय. मग तिनं कुठेतरी वाचलं की तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेतात. झालं. बोळे पाण्याच्या बादलीत गेले. मग लक्षात आलं की पाण्याची बादली आणि रांगतं मूल एका घरात नको. बादली गच्चीत गेली. गच्चीचं दार बंद झालं. दाराला खुर्ची लावली. नवऱ्यानं खुर्चीला ठेचकाळून विचारलं, "आपण कोणाला कोंडलंय?"

"बोळ्यांना."

"बरं," तो म्हणाला. लग्नाला बरीच वर्षं झाल्याचा हा एक फायदा.

आतल्या विजेच्या बारीक तारा डाग देऊन जोडायचं काम त्यानं केलं, गच्चीत बसून, धूर बाहेर जावा म्हणून. खालच्या बाजूला घोडी बसली, तिच्यावरून तारा निघून वर खुंट्यांना गेल्या. तिनं बसून बेस मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा जाड तार छेडली. आवाज भरदार नव्हता. जरा भोपळ्यासारखा होता, पोकळ, गोल. पण तो खोलीभर पसरला, आणि पलीकडे बोळकीची बडबड मधेच थांबली.

तिचे डोळे भरून आले. ती पट्टा गळ्यात घालून उभी राहिली.

आणि बेसनं मान टाकली.

अक्षरशः. डावा हात जरा सैल केला की बेसचं डोकं खाली चाललं, संथपणे, प्रवासात शेजारच्याच्या खांद्यावर कलंडणाऱ्या माणसासारखं. तिनं धरलं. सोडलं. पुन्हा खाली. पट्टा वर ओढला, खाली घेतला, दुसऱ्या खांद्यावर घेतला. मानेला हातानं उचलून धरल्याशिवाय तो आडवा राहीचना. आणि उचलून धरायचा कोणी, तर ज्या हाताचा अंगठा सुजलाय त्यानं. एक गाणं अर्धं होईतो मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली.

"यानं अजून मान धरलेली दिसत नाही," दारातून सासूबाई म्हणाल्या. "धरेल, धरेल. नवीनच आहे."

ती हसली नाही. कारण तिला सगळं एकदम दिसलं, आरशात दिसावं तसं. लाकूड हलकं घेतलं कोणी? तिनं. ते हलकं म्हणून मागची बाजू उचलली जाते. खुंट्या भक्कम घेतल्या कोणी? तिनंच. त्या जड म्हणून पुढची बाजू बुडते. आणि शिंग लांब असतं ते उगाच नसतं. त्याच्या टोकाला पट्टा अडकतो म्हणून बेस मधोमध तोलला जातो. ते शिंग तिनं डोळ्यांच्या भीतीनं गोल करून टाकलं होतं. एक वस्तू चुकली असती तर चाललं असतं. तिनं तिन्ही, एकेक करून, नीट विचार करून, बाळासाठी निवडल्या होत्या. आणि तिन्हींनी मिळून नेमकं तेच घडवलं होतं ज्याची तिला भीती होती: जमिनीकडे खाली येणारं बेसचं डोकं.

फिजिक्समध्ये पदवी घेतलेली बाई. तिनं बेस भिंतीला टेकवला. तिथूनही तो जरा कलला.

तिनं दातवालीला फोन लावला. पलीकडे मशीनचा चिरका आवाज चालू होता.

"त्याला घे," ती म्हणाली. "कंपाउंडरला. मला नाही जमत."

"काय?"

"म्हटलं, त्याला घे."

"ऐकू येत नाहीये गं," दातवाली म्हणाली. मशीनचा आवाज एकदम वाढला. कोणीतरी 'आँ आँ' केलं. "रविवारपर्यंत इथे हे असंच चालू राहणार आहे. मला काही ऐकूच येणार नाही. आ करा काका, आ. ठेवते."

दोन दिवस बेस कोपऱ्यात राहिला. बोळकी रांगत त्याच्याकडे गेली की ती तिला उचलून परत आणायची. बोळकी पुन्हा जायची. असं चाललेलं. रविवार आला की बेकरीच्या खोलीत कोणीतरी घड्याळासारखं वाजवेल, आणि वाचनालयाच्या अंगणातही, आणि पुढे कुठेही. गाणी चालू राहतील. तिच्याशिवाय चालू राहतील हेच मनातून जात नव्हतं. आपण आई झालो म्हणजे जुनी ती कुठेतरी माळ्यावर गेली, आणि माळ्यावरून कोणी काही खाली काढत नसतं. बायका हे सांगत होत्या तेव्हा तिनं हसण्यावारी नेलं होतं.

शुक्रवारची दुपार. पडदे ओढलेले, खोलीत पाण्याच्या तळाशी असतो तसा उजेड. बोळकी झोपायला तयार नव्हती आणि ती जागं राहायला तयार नव्हती. जमिनीवर गादी टाकून ती मांडी घालून बसली. बेस मांडीवर आडवा घेतला, वाजवायला नाही, नुसताच. मांजर घेतात तसा. त्याचं डोकं लगेच डाव्या बाजूला झुकून गादीवर टेकलं. झोप बाबा, ती म्हणाली. तू तरी झोप.

मग डोळा लागला. स्वप्नात ती होडीत होती. पाणी काचेसारखं. होडीचं पुढचं टोक खाली गेलेलं, इतकं की पाणी आत येईल. आणि ती काहीच करत नव्हती, नुसती बघत होती. मग कोणीतरी मागून होडीत चढलं. कोण ते दिसलं नाही, पण ओलं होतं, आणि त्याला दुधाचा वास होता. त्याचं वजन पडलं, आणि होडीचं पुढचं टोक पाण्यातून अलगद वर आलं.

तिनं डोळे उघडले. बेसची मान वर आली होती. गादीपासून सुटून, कोणी न धरता, हवेत आडवी.

उजवीकडे बोळकी होती. रांगत येऊन बेसच्या मागच्या गोल कडेवर छातीनं रेलली होती, दोन्ही हात पसरून. हिरड्या लाकडाला लावून ती मन लावून त्याला चावत होती. लाळेची एक धार तेल लावलेल्या रेषांवरून घोडीकडे निघाली होती. आईनं अंग हलू दिलं नाही. हळूच उजवा हात नेऊन तिनं जाड तार छेडली.

सूर लाकडातून गेला तो थेट हिरड्यांत. बोळकी चावायची थांबली. डोळे मोठे झाले. कुठून तरी फार लांबून आपल्याला कोणी हाक मारतंय आणि ती हाक ओळखीची आहे, असा चेहरा करून ती बराच वेळ तशीच राहिली. सूर विरला. बोळकीनं पायानं गादीला ढुशी दिली.

"आई!" ती ओरडली. कुजबुजायचं विसरून. "आई, वजन पाहिजे! मागे वजन पाहिजे!"

सासूबाई हातातली सुई तशीच घेऊन धावत आल्या. "तुझं वाढलंय की पुरेसं. आणखी कशाला?"

"मला नाही हो. याला! ही बघा ना कशी बसलीय. हिच्या वजनानं मान वर आली. मागच्या बटणाला काहीतरी जड टांगायला हवं. लहान, पण जड."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, बेसकडे पाहिलं. त्यांनी जन्मभर पडदे शिवले होते. हॉटेलांचे, सभागृहांचे, एकदा तर एका नाटकगृहाचा मखमली पडदाही, जो घरात मावेना म्हणून जिन्यात पसरून शिवला होता. त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. झाकण उघडलं तर आत लोखंडी चपट्या चकत्या, रुपयापेक्षा मोठ्या, काळसर, शेकड्याने.

"हे काय?"

"पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात. पडदा केवढाही उंची असू दे, बुडाशी वजन नसेल तर वारा त्याला नाचवतो." त्यांनी मूठभर चकत्या उचलून खळखळवल्या. "इतके दिवस कोपऱ्यात तोंड पाडून बसलीस. मला विचारायचंस तर."

"तुम्ही म्हणाला असतात, आम्ही आपले पडदेवाले, आम्हाला काय कळतं गाण्यातलं."

"म्हणालेच असते," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग दिलं असतं."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा बायको खोलीच्या मधोमध बेस घालून उभी, आई तिच्या मागे गुडघ्यावर बसून एका कापडी पिशवीत चकत्या टाकतेय, आणि मुलगी दोघींच्या मधे बसून टाळ्या पिटतेय, असं दृश्य होतं. त्याला लगेच कामाला लावलं. समोर उभं राहून एक डोळा मिटायचा आणि मान आडवी आहे की नाही ते सांगायचं.

"अजून खाली. अजून. अजून थोडी. टाक आई. हां. थांब. एक काढ."

"एका चकतीनं काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, लोक माझ्याकडे याच्याहून कमी फरकासाठी येतात. एक काढ."

एक काढली. तिनं डावा हात मानेखालून बोटभर खाली घेतला. मान जागच्या जागी राहिली. तिनं हात आणखी खाली घेतला नाही. तळवा तसाच वळवून ठेवला, पाळण्याखाली धरावा तसा.

"सोड की," नवरा म्हणाला.

"राहू दे."

"पडत नाहीये."

"आत्ता पडत नाहीये," ती म्हणाली.

पिशवी सासूबाईंनी दुहेरी कापडाची शिवली, तोंड बंद करून, वरून पुन्हा एक शिवण, तिच्यावर आडवी शिवण. "चकत्या सुटून हिच्या तोंडात गेल्या तर?" असं सूनबाईनं तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "यातून चकती काढायची तर तुझ्या लेकीला आधी शिवणकाम शिकावं लागेल. मी शिकवेन. तोवर काळजी नको." पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्यांनी उरलेल्या मखमलीची पट्टी लावली, उलट्या लवीची, खांद्यावरून घसरू नये म्हणून. बटणाचे स्क्रू नवऱ्यानं दोनदा तपासले. तिनं चार वेळा.

रविवारी बेकरीच्या वरच्या खोलीत खालून भट्टीची ऊब येत होती. जमीन कोमट, भिंती कोमट, सगळ्यांना जरा गुंगी आल्यासारखी. कंपाउंडर आधीच येऊन बसला होता, केस ओले करून विंचरलेले, बेस चेन उघडलेल्या पिशवीतच. तिला बघून तो उठून उभा राहिला. सासूबाई बोळकीला घेऊन मागच्या बाकावर बसल्या. बोळकीच्या कानांवर आवाज अडवणारी मोठ्ठी निळी झाकणं होती. ती तिच्या डोक्यापेक्षा मोठी दिसत होती.

"बोळकीबाई, दात आला का?" दातवालीनं काठ्या फिरवत विचारलं. "पहिला दात मला दाखवल्याशिवाय कोणाला दाखवायचा नाही हं." मग तिनं बेसकडे पाहिलं, त्याच्या मागे लोंबणाऱ्या कापडी पिशवीकडे पाहिलं. "हे काय, डबा आणलास का?"

"वजन आहे. वाजव तू."

पोस्टमननं डोळे मिटले. गाणं संथ होतं, रुंद, फारसं कुठे न जाणारं. पहिल्या सुरांना तिची बोटं बधिर होती. दुसऱ्या ओळीला ड्रमचा ठोका आणि तिची तार एकमेकांजवळून गेली, भेटली नाहीत. तिसऱ्या ओळीला भेटली. ती भेट पोटात कळते. तिला कळली. दातवालीलाही कळली असावी, कारण तिनं नजर वर न करता नुसती मान हलवली. तरीही डावा हात सैल पडेना. सूर बदलायला बोटं हलत होती, पण तळवा मानेला खालून घट्ट धरून होता आणि अंगठ्यातून कळ यायला लागली होती.

"अगं, हात किती आवळलायस!" दातवाली ठोका न चुकवता ओरडली. "मी काय दाढ काढतेय का तुझी?"

तिनं ऐकलं नाही. तिची नजर मागच्या बाकावर होती. बोळकीनं दोन्ही हात वर नेले होते. झाकण पकडलं. ओढलं. निळं झाकण कानावरून घसरून गळ्यात आलं, आणि उघडा, गुलाबी, चिमुकला कान सरळ ड्रमकडे झाला. सासूबाई गाण्याला डोलत होत्या, डोळे मिटून.

"आई! कान! कान झाका तिचे!"

गाणं चालूच होतं. उजव्या हातानं जाड तार आपोआप छेडली होती, मोकळी, आणि ती सगळ्या खोलीच्या तळाशी वाजत होती. सासूबाईंनी दचकून डोळे उघडले, झाकण कानावर बसवलं, आणि मग तिच्याकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हनुवटीनं खूण केली. बघ.

तिनं पाहिलं. डावा हात हवेत होता. खांद्याच्याही वर, बोट बाकाकडे रोखलेलं. तो केव्हा सुटला होता कोण जाणे. आणि बेस तिच्या पोटाजवळ आडवा, निवांत, संथ पाण्यावर होडी राहते तसा. मान कुठेही गेली नव्हती.

सूर बदलायची वेळ झाली होती. दातवाली भुवया उंचावून वाट बघत होती. कंपाउंडर खाली वाकून, कोणाला कळू नये अशा बेतानं, आपल्या पिशवीची चेन लावत होता. तिनं हात खाली आणायला हवा होता.

तिनं तो आणखी थोडा वेळ वरच ठेवला. बोटं उघडली. बाकावरून बोळकीनं तिच्याकडे बघून आपलीही बोटं उघडली, मग मिटली, मग पुन्हा उघडली.

"सूर!" दातवाली ओरडली. "अगं बाई, सूर!"